खुशालीचं बटण

तक्रारींचा फोन ज्याच्या टेबलावर असतो, त्याला करमणुकीसाठी टीव्ही लागत नाही. माझ्या टेबलावर तो सहा वर्षं आहे. सुरुवातीला मी सगळं एकाच वहीत लिहायचे. कोणाचा फोन, काय बिघडलं, काय सांगितलं. एकदा ती वही चुकून घरी गेली, तर नवरा आमटी निवेपर्यंत वाचत बसला! तेव्हापासून मी दोन वह्या केल्या. एक तक्रारींची, एक किश्शांची. किश्शांची आता तिसरी चालू आहे. तक्रारींची अजून पहिलीच.

आमचं ऑफिस रत्नागिरीत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. दोन खोल्या आणि तीन माणसं. मिलिंद मालक, समीर प्रोग्रॅमर आणि मी, शुभा, फोन घेणारी. लोकांना लागतील ती मोबाइलची ॲप आम्ही करून देतो. मिलिंदपेक्षा मी वयाने मोठी आणि तो माझ्यापेक्षा पगाराने, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते आणि तो मला अहो-जाहो करतो. हिशेब बरोबर!

मिलिंद पुण्यात मोठ्या कंपनीत आठ वर्षं होता. तिथून येताना तो एक वाक्य घेऊन आला आणि आल्या आल्या त्याने ते भिंतीवर चिकटवलं. 'एका टॅपमध्ये झालं पाहिजे!' माणसाला विचार करायला लावायचा नाही, थांबवायचं नाही, बोट टेकवलं की काम झालं.

हे वाक्य वाचायला आमच्याकडे अठ्ठावीस पायऱ्या चढून यावं लागतं, ते सोडा.

* * *

पहिलं गिऱ्हाईक पावसचे एक बागायतदार, भाऊ. घरचा हापूस, पेट्या मुंबई-पुण्याला जायच्या. मिलिंदने त्यांना झकास ॲप करून दिलं. आंब्याचा फोटो, खाली एक बटण, 'पेटी मागवा'. दाबलं की ऑर्डर गेली.

आठवड्याने भाऊ जिना चढून आले. "ॲप चांगलं आहे," म्हणाले, "पण मला परत सगळ्यांना फोन करावा लागतो."

"कशाला?" मिलिंदने विचारलं.

"पहिला आंबा कधी कापणार ते विचारायला."

भाऊंची पद्धत अशी, की गिऱ्हाईक पहिला आंबा कुठल्या दिवशी कापणार ते विचारायचं आणि त्या हिशोबाने पेटी भरायची. वरचा थर दोन दिवसांत तयार होणारा, खालचा आठवड्याने. कोणी पाहुणे येणार, कोणी गावाला जाणार, सगळं पेटीत बसवायचं. ॲपमध्ये त्यांना फक्त पत्ता कळत होता. पुण्याच्या एका बाईंनी बटण दाबलं आणि त्या सहलीला गेल्या. पेटी पिकली वॉचमनच्या केबिनमध्ये. वॉचमनने भाऊंना फोन करून आंबा उत्तम असल्याचं कळवलं!

मिलिंद म्हणाला, "भाऊ, गिऱ्हाइकाला एवढे प्रश्न विचारले तर पळून जाईल."

"जाऊ दे की," भाऊ म्हणाले. "आंबा कधी खायचा ते ज्याला ठाऊक नाही, त्याने केळी घ्यावीत."

मिलिंदने तोंड वाकडं करून प्रश्न घातला. त्या मोसमात भाऊंचा एकही आंबा परत आला नाही. मिलिंद म्हणाला, हवामान चांगलं होतं.

* * *

दुसरं काम गुहागरकडच्या एका देवळाचं. गणपतीला अभिषेक करायचा तर घरबसल्या नाव नोंदवता यावं. एका टॅपमध्ये अर्थातच.

एक गृहस्थ हातखंब्याहून स्कूटरने रत्नागिरीत आले. फोन पँटच्या खिशात, ॲप उघडंच राहिलेलं. रस्त्याला खड्डे किती आहेत ते मी सांगायला नको. घरी पोचेपर्यंत त्यांच्या नावावर तेरा अभिषेक लागले होते!

गुरुजींचा त्यांना फोन गेला, "तुमचं गोत्र सांगा."

"अहो, कसलं गोत्र? मी काही केलेलं नाही!"

मिलिंदने गुरुजींना सांगितलं, रद्द करून टाका, रद्द करायलाही एकच टॅप ठेवलाय. गुरुजी शांतपणे म्हणाले, "पाच झालेत. संकल्प सोडून झालाय. आता देवाला काय सांगू, खिशातून लागला म्हणून?"

मग ठरलं, की आधी नाव लिहायचं, गोत्र लिहायचं आणि अभिषेक कशासाठी तेही एका ओळीत लिहायचं. मिलिंदला खात्री होती, एवढं लिहायला लावलं तर कुत्रं फिरकणार नाही. आणि लोकांनी काय केलं? एका ओळीच्या जागी अख्खी कैफियत लिहायला लागले! गुरुजींनी जागा वाढवून मागितली.

एकदा एकाच घरातून दोन नोंदी आल्या. एकीत कारण होतं, 'सूनबाईला सद्बुद्धी मिळावी.' दुसरीत, 'सासूबाईंना सद्बुद्धी मिळावी.' गुरुजींनी दोघींना एकच वेळ दिली आणि पाटही शेजारी शेजारी मांडले.

परिणाम काय झाला ते मी विचारलं. गुरुजी म्हणाले, "प्रसाद दोघींनी मागून घेतला."

* * *

मिलिंदच्या स्वतःच्या संसाराचा किस्सा छोटा आहे. त्याने फोनला लावून ठेवलं होतं, रोज एक वाजता बायकोला आपोआप मेसेज जायचा, 'जेवलीस का?' तिकडून लगेच यायचं, 'हो, तुम्ही?' की इकडून, 'हो.' वर्षभर नियमाने चाललं होतं.

एका गुरुवारी तिच्या आईचा ऑफिसात फोन आला, की तिचा आज निर्जळी उपास आहे, संध्याकाळी लवकर घरी जा. मिलिंद म्हणाला, "पण ती तर जेवली!" मग उलगडा झाला. तिनेही आपोआप उत्तर लावून ठेवलं होतं.

"चालू दे," मी म्हटलं. "निदान दोन्ही फोनांचं तरी बरं चाललंय."

* * *

आता आप्पा. आप्पा म्हणजे मिलिंदचे वडील. राहतात केळशीला, एकटे. सगळं आयुष्य आगबोटींच्या इंजिनखोलीत गेलं. मिलिंदची आई गेल्यापासून घरात ते, विहीर आणि विहिरीवरचा पंप. मिलिंदला वाटायचं त्यांनी रत्नागिरीला यावं. आप्पांना वाटायचं मिलिंदने तो विषय काढू नये. दोन वर्षं बापलेकांची यावरून जुंपलेली.

शेवटी तह झाला. आप्पांनी रोज सकाळी आठच्या आत फोनवरचं एक बटण दाबायचं, 'बरा आहे'. दाबलं की मिलिंदच्या फोनवर हिरवा ठिपका. एक दिवस चुकला, की मिलिंद गाडी काढणार आणि आप्पांना उचलून आणणार. आप्पांनी स्वतःची अट घातली. "मला झेपेनासं झालं की मी तोंडाने सांगेन. तोवर न्यायला यायचं नाही."

अशी ही आमची 'खुशाली' जन्माला आली. बाकीची ॲप मिलिंदने गिऱ्हाइकांसाठी केली. हे एक त्याने स्वतःसाठी केलं, आणि रोज सकाळी ठिपका येईपर्यंत त्याचा चहा तसाच कपात असायचा. मी बघत होते ना.

एकदा सव्वाआठ झाले तरी ठिपका नाही. मिलिंद निघालाच. केळशीला जायचं तर दोन ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. पहिल्या जेटीवर पोचला आणि आप्पांचा फोन आला, "विहिरीवर होतो! फीर मागे!"

मिलिंद म्हणाला, "आता आलोच आहे तर येतो."

"तिकीट काढलंस?"

"नाही अजून."

"मग फीर."

* * *

'खुशाली'ची बातमी पसरली. संगमेश्वरकडच्या एका वाडीचं मुंबईत मंडळ आहे, त्यांनी ती घेतली. मुलगे मुंबईत, म्हातारी माणसं वाडीत. अकरा घरांत अकरा फोन. रोज सकाळी साडेसातला अकरा हिरवे ठिपके, एक मिनिट मागे नाही की पुढे नाही. मिलिंद खूष! "बघा शुभाताई, एका टॅपची ताकद!"

सहा महिन्यांनी एक दिवस अकराच्या अकरा ठिपके आलेच नाहीत. नऊ वाजता माझा फोन जो वाजायला लागला! अकरा मुलगे, अकरा जण घाबरलेले. एक जण तर अंगावरच्या कपड्यांनिशी एस.टी. स्टँडवर. कोणी म्हणालं दरड आली असेल. शेवटी मुख्य गावातल्या पोलीसपाटलांना वाडीत घरोघर पाठवलं. सगळी माणसं ओटीवर निवांत पेज पीत होती.

झालं होतं असं, की वाडीत रेंज नाही. रेंज वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावर, जिथे एक मोठं हेदीचं झाड आहे तिथे. म्हाताऱ्यांचे गुडघे तिथवर चढत नाहीत. म्हणून वाडीतल्या एक सुलोचनाबाई रोज सकाळी अकरा फोन तांदळाच्या पिशवीत घालून सड्यावर न्यायच्या आणि एकेक काढून दाबायच्या. बरा आहे, बरी आहे, बरा आहे, बरी आहे. त्या दिवशी त्या भाचीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या.

मी त्यांना तिथेच फोन लावून विचारलं, "बाई, तुम्ही दाबायच्या आधी प्रत्येकाला विचारायचात का?"

"सगळ्यांना कुठं विचारतंय बाय," त्या म्हणाल्या. "फोन पिशवीत घातलान म्हणजे बराच असंल की!"

हसून झालं. मग पाटलांनी हळूच सांगितलं, की शेवटच्या घरातली आजी चार दिवस तापाने अंथरुणावर होती. चारही दिवस तिचा ठिपका हिरवा होता.

मिलिंद हसायचा थांबला. उठून बाहेर गेला आणि त्याने आप्पांना साधा फोन लावला. "आप्पा, रोज तुम्हीच दाबता ना?"

आप्पांचा आवाज मला आत ऐकू आला. "मग काय पंप दाबतो?"

* * *

मी आणि समीर दोघं मिलिंदच्या मागे लागलो. बटण काढ. माणसाला बोलू दे. रोज सकाळी फोनने एक प्रश्न विचारायचा, 'आज काय करणार?' आणि उत्तर आपल्या आवाजात द्यायचं. बोलायचं घरीच, पिशवी सड्यावर गेली की निरोप जाईल. समीरने त्यात आणखी एक पाचर मारली. मुलाने निरोप शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय ठिपका हिरवा होणार नाही!

"म्हातारी माणसं एवढा त्रास घेणार नाहीत," मिलिंद म्हणाला, पण बटण काढलं.

त्रास? दुसऱ्या दिवसापासून वाडीतली माणसं जी बोलायला लागली ती थांबेनात. एक आजोबा बोलण्याआधी टोपी घालायचे. एका आजीने तीन दिवस रोज फणसाच्या भाजीचं सांगितलं. सोललेला फणस कसा, फोडणीत काय, वर खोबरं किती. चौथ्या दिवशी तिचा मुलगा रजा टाकून गावाला गेला. त्याने मला गावाहून फोन केला, "ताई, तुमचं ॲप महाग पडलं हो."

आणि आप्पा! इंजिनखोलीत जन्म गेल्यामुळे त्यांना सगळं ओरडून सांगायची सवय. सहा मिनिटं, सात मिनिटं. पंपाचा आवाज आज कसा येतोय, वॉशर कुठला बसवला, दापोलीत तो कोणाकडे मिळतो आणि कोणाकडे घेऊ नये. मिलिंद पहिले पंधरा दिवस कान देऊन ऐकायचा. मग ऐकता ऐकता मेल बघायला लागला.

* * *

तक्रारी आल्या. म्हाताऱ्यांच्या नव्हे, मुलांच्या.

"ताई, बाबा रोज सात मिनिटं बोलतात. मला मीटिंग असते."

"मग संध्याकाळी ऐका."

"तोवर ठिपका लाल राहतो. बायको विचारते, बाबांना काय झालं?"

"तिला ऐकायला सांगा."

"ती म्हणते, तुझे बाबा आहेत."

मिलिंद याचीच वाट बघत होता. आठवड्यात त्याने 'सारांश' आणला. आजकाल मशीन आवाज ऐकून लिहून देतं ना, तसं. निरोप कितीही लांब असो, वर दोन ओळी येणार. त्या वाचल्या, बोट टेकवलं की ठिपका हिरवा. मी म्हटलं, "मिलिंद, हे नको." समीर म्हणाला, "हे नको." दोन विरुद्ध एक, म्हणजे मालकाचं झालं.

पहिल्याच आठवड्यात एकाचा फोन. त्याच्या आईच्या निरोपाचा सारांश आला होता, 'प्रकृती ठीक. गाय वारली.'

"ताई, आमच्या दोन गायी आहेत. कुठली वारली?"

"अहो, निरोपात सांगितलं असेल आईने. ऐका की."

"किती मिनिटांचा आहे?"

मी बघून सांगितलं, "पाच."

"अच्छा," तो म्हणाला. "नंतर ऐकतो."

त्याने नंतर ऐकला की नाही, मला माहीत नाही. मी ऐकला. तक्रार आली की मला निरोप तपासावा लागतो. पाचातली तीन मिनिटं ती बाई नुसती रडत होती. मला दिवसभर काही सुचलं नाही.

* * *

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी अकराला तक्रारींच्या फोनवर आप्पा. एरवी ते या फोनवर कधी करत नाहीत.

"शुभा, तुमचं मशीन चालू आहे ना गं?"

"चालू आहे की आप्पा. काय झालं?"

"काही नाही. माझे निरोप जातात का, तेवढं बघ."

मी बघितलं. गेल्या तीन दिवसांचे निरोप आलेले. तिन्ही ठिपके हिरवे. "जातात हो," मी म्हटलं. "हिरवे आहेत सगळे."

"हिरवे म्हणजे त्याने ऐकले?"

"हिरवे म्हणजे... त्याच्याकडे पोचले," मी म्हटलं. ओरडून बोलणारा माणूस, पण त्या दिवशी मला फोन कानाला दाबून धरावा लागत होता.

"बरं," आप्पा म्हणाले. "ठेवतो. मी फोन केला होता ते त्याला सांगू नको."

मी फोन ठेवला आणि तडक मिलिंदच्या टेबलाशी गेले. "आप्पांचे निरोप ऐकलेस?"

"वाचले ना." त्याने फोन पुढे केला. परवाचा सारांश, 'प्रकृती ठीक. पंपाचा वॉशर बदलला. आवराआवर सुरू आहे.' कालचा, 'प्रकृती ठीक. पंप चालू.' आजचा, 'प्रकृती ठीक.'

"ऐक," मी म्हटलं.

"शुभाताई, मला बारा वाजता..."

"मिलिंद, ऐक म्हटलं ना!"

माझा आवाज चढला तसा समीर आतून आला. मिलिंदने परवाचा निरोप लावला. पंप, वॉशर, दापोलीचं दुकान. दोन मिनिटांनी मिलिंदचा अंगठा पुढे ढकलायच्या खुणेकडे गेला. समीरने फोन उचलून आपल्या हातात धरला. पाच मिनिटं झाली. सहा झाली. आप्पा थांबले, खाकरले.

"आणि हे बघ. तोंडाने सांगेन म्हणालो होतो, तर सांगतो. संध्याकाळचं आता एकट्याला नको वाटतं रे. भीती नाही वाटत, नको वाटतं. बॅग भरून ठेवली आहे. आज ये. सावकाश ये, फेरी धरायची धावपळ करू नको."

मिलिंदने हात पुढे करून समीरकडून फोन घेतला आणि स्वतः कालचा निरोप लावला.

"काल आला नाहीस. काम निघालं असेल. मी पडवीतच होतो, दिवेलागणीपर्यंत बसलो. आजही बसतो. पंप चालू आहे."

मिलिंद उठून उभा राहिला. गाडीची किल्ली त्याने खिशातून काढली होती, ती नुसतीच हातात होती. मी म्हटलं, "आजचाही ऐकून जा."

तो सगळ्यात छोटा होता.

"मिलिंद, बॅग रिकामी केली मी. टॉवेल तिच्यातच होता, आंघोळीला लागला."